वरून दिसणारी जमीन आणि जमिनीवरची माणसे

प्रश्न असा आहे की पॅलेस्टाइनच्या इतिहासावर किंवा तिथल्या चित्रकारांच्या कामावर चर्चा सुरू झाली की हवाई छायाचित्रांचा विषय वारंवार का निघतो. आणि उंचावरून पाहणे हे जर सत्तेचे साधन असेल, तर ज्यांच्यावर ती नजर रोखलेली आहे त्यांना तिचा स्वतःसाठी काही उपयोग करून घेता येतो का. मी तीस वर्षे हवाई छायाचित्रांचे वाचन केले आहे आणि विद्यार्थ्यांना ते शिकवलेही आहे. त्या शिकवण्यात पॅलेस्टाइनची छायाचित्रे माझ्या मनाच्या सर्वांत जवळची राहिली आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एकाच भूभागाची, थोड्या अंतरावरून घेतलेली दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोप या दोन भिंगांच्या उपकरणाखाली शेजारी शेजारी ठेवली की काही क्षणांनी सपाट कागदातून टेकड्या वर येतात, विहिरीचे तोंड खोल जाते, घरांना उंची येते. त्यानंतर छटा, पोत, आकार आणि सावली यांवरून आम्ही ओळख पटवत जातो: सारख्या अंतरावरचे गडद ठिपके म्हणजे फळबाग, उतारावरच्या बारीक समांतर रेषा म्हणजे दगडी बांधांची शेती. मात्र हे सगळे अंदाज असतात. प्रत्यक्ष जागेवर जाऊन, तिथे राहणाऱ्या माणसाला विचारून पडताळणी केल्याशिवाय वाचन पूर्ण होत नाही, हे आम्ही पहिल्याच तासाला सांगतो. पॅलेस्टाइनच्या बाबतीत सारा झगडा याच पडताळणीचा आहे. छायाचित्रे मुबलक निघाली, पण ती वाचताना जमिनीवरच्या माणसाला कोणी विचारायचे, आणि विचारले तर त्याचे उत्तर धरायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार शंभर वर्षे बहुतेक वेळा दुसऱ्यांच्याच हातात राहिला.

पहिल्या महायुद्धात, 1917 आणि 1918 मध्ये, जर्मन हवाई दलाच्या बव्हेरियन तुकडीने पॅलेस्टाइनची जी छायाचित्रे घेतली ती आजही म्युनिकच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. ती तोफखान्यासाठी आणि खंदकांचा माग काढण्यासाठी घेतली होती. युद्ध संपल्यावर गुस्ताफ डालमन या बायबल-अभ्यासकाने त्यांतली शंभर निवडून 1925 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि तीच छायाचित्रे पवित्र भूमीची चित्रे म्हणून वाचली जाऊ लागली. उलट बाजूला ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन विमाने होती, आणि त्यांच्या छायाचित्रांवरून तयार झालेल्या नकाशांच्या आधाराने जनरल ॲलन्बीचे सैन्य पुढे सरकले. त्या सैन्यात हिंदुस्थानी घोडदळ मोठ्या संख्येने होते आणि पूना हॉर्सही होती. आपल्या इतिहासाचा या जमिनीशी आलेला हा थेट संबंध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. 21 सप्टेंबर 1918 रोजी वादी फारामध्ये माघार घेणाऱ्या तुर्की सैन्याच्या गाड्या, तोफा आणि जनावरे अरुंद खिंडीत अडकली आणि विमानांनी त्यांच्यावर बॉम्ब टाकले. टेहळणी आणि मारा ही दोन्ही कामे एकाच यंत्रातून करता येतात, हे त्या दिवशी जगाला स्पष्ट दिसले.

तरीही सत्तेची नजर म्हणजे काय हे समजावून घ्यायचे असेल, तर मी विद्यार्थ्यांना युद्धाची नव्हे, याफा या बंदरशहराची छायाचित्रे दाखवतो. युद्धानंतर पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा अंमल होता. 1936 च्या एप्रिलमध्ये अरबांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि याफाचे जुने शहर ब्रिटिशांच्या हाताबाहेर गेले. समुद्रालगतच्या टेकडीवर दाटीने वसलेली घरे, दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकणार नाहीत अशा गल्ल्या आणि पायऱ्यांच्या वाटा यांत सैनिक शिरला तर तो घेरला जाई. 16 जूनला विमानांतून पत्रके टाकण्यात आली. शहराच्या सुधारणेसाठी आणि आरोग्यासाठी काही इमारती पाडायच्या आहेत, तेव्हा रहिवाशांनी घरे रिकामी करावीत, असा त्यांचा आशय होता. दोन दिवसांनी सैन्याच्या अभियंत्यांनी सुरुंग लावायला सुरुवात केली. दोनशेहून अधिक इमारती पडल्या आणि हजारो माणसे बेघर झाली. वरून घेतलेल्या छायाचित्रात त्या दाट, राखाडी, मधाच्या पोळ्यासारख्या वस्तीतून एक पांढरा पट्टा आरपार गेलेला दिसतो, त्याला छेदणारा दुसरा दिसतो, आणि दोन्ही मिळून जहाजाच्या नांगराचा आकार तयार होतो. त्या मोहिमेचे नावही नांगर हेच पडले. मुख्य न्यायाधीश मायकेल मॅकडॉनेल यांच्यापुढे प्रकरण आले, तेव्हा त्यांनी पाडकाम थांबवले नाही, पण सुधारणेचे सोंग घेऊन लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकल्याबद्दल सरकारला कडक शब्दांत फटकारले. थोड्याच काळात त्यांना पद सोडावे लागले. हे छायाचित्र मी शेकडो वेळा पाहिले असेल. त्यातला पांढरा रंग म्हणजे चुरा झालेला दगड आणि चुना आहे, हे कळायला नजर थोडी तयार व्हावी लागते. नाही तर तो एखाद्या नव्या, रुंद, स्वच्छ रस्त्यासारखाच दिसतो, आणि पत्रकात नेमके तेच लिहिलेले होते.

यानंतरचा टप्पा अधिक शांतपणे पार पडला. 1940 च्या दशकात हगाना या ज्यू सशस्त्र संघटनेने अरब गावांच्या फाइली तयार केल्या. गावात किती घरे आहेत, विहिरी कुठे आहेत, वाटा कोणत्या, मुख्तार म्हणजे गावप्रमुख कोण, 1936 ते 1939 च्या ब्रिटिशांविरुद्धच्या अरब उठावात कोणी भाग घेतला, अशी बारीक माहिती त्यांत होती आणि सोबत हवाई छायाचित्रे जोडलेली होती. ब्रिटिशांना संशय येऊ नये म्हणून ती हौशी विमानोड्डाणाच्या नावाखाली घेतली गेली. इथे पडताळणी झाली होती, आणि चांगली झाली होती; फक्त ज्याला विचारले त्याला आपण कशासाठी उत्तर देत आहोत हे ठाऊक नव्हते. 1948 मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरांतून हुसकले गेले किंवा पळाले आणि चारशेहून अधिक गावे ओस पडली. त्या उलथापालथीला पॅलेस्टिनी लोक नक्बा, म्हणजे महासंकट, म्हणतात.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. ज्या छायाचित्रांनी गावे उघडी पाडली, त्याच छायाचित्रांतून ती गावे परत वाचता येतात, हे पॅलेस्टिनी अभ्यासकांनी दाखवून दिले. सलमान अबू सित्ता हे बीरशेबाजवळचे, लहानपणी निर्वासित झालेले अभियंते. पहिल्या महायुद्धातली जर्मन छायाचित्रे आणि 1940 च्या दशकात ब्रिटिश हवाई दलाने केलेली पाहणी यांवरून त्यांनी पॅलेस्टाइनचा प्रचंड नकाशासंग्रह उभा केला आणि त्यात गावे, वाड्या, ओढे, दर्गे, विहिरी यांची नावे हजारोंनी भरली. छायाचित्राला नाव दिसत नाही. विहीर दिसते, पण ती कोणाच्या आजोबांनी खोदली आणि लोक तिला काय म्हणत, हे फक्त माणूस सांगू शकतो. पाडणाऱ्यांच्या दृष्टीने तो काळा ठिपका एक लक्ष्य होता. नाव लागले की तो पुन्हा पत्ता होतो.

उद्ध्वस्त गावांच्या वाचनातली एक खूण मला विशेष महत्त्वाची वाटते, ती म्हणजे फड्या निवडुंग. पॅलेस्टिनी शेतकरी त्याची कुंपणे घालत. घर पाडता येते, दगड वाहून नेता येतात, पण निवडुंगाची मुळे राहतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो. त्यामुळे अनेक गावांच्या जागी नंतरच्या छायाचित्रांत घर एकही दिसत नाही, पण बांधावरची गडद, वेडीवाकडी रेघ तशीच दिसते आणि जुनी वाडी कुठून कुठवर होती हे त्यावरून आखता येते. काही ठिकाणी वर पाइनची झाडे लावून वने केली गेली. 1967 मध्ये पाडलेल्या इमवास आणि यालू या गावांच्या जागी आज वनोद्यान आहे. पाइनची सलग गडद छटा आणि तिच्यामधून डोकावणारे ऑलिव्हचे फिकट, सुटे ठिपके यांत फरक करायला जाणकाराला फार कष्ट पडत नाहीत. हाच निवडुंग आसिम अबू शक्रा या उम्म अल्-फहमच्या चित्रकाराने आयुष्याच्या अखेरच्या काळात पुन्हा पुन्हा रंगवला. 1990 मध्ये, ऐन तिशीच्या उंबरठ्यावर, तो कर्करोगाने गेला. त्याच्या चित्रांत निवडुंग बांधावर नाही, खिडकीतल्या कुंडीत आहे. ज्याने जमिनीची हद्द राखायची तोच वीतभर मातीत आलेला आहे. अभिलेखागारातल्या छायाचित्रात मैलभर पसरलेली रेघ पाहून झाल्यावर ती कुंडी पाहताना मला दर वेळी थांबावे लागते.

वाचनाची खरी कसोटी लागली ती नेगेव्हच्या वाळवंटात, ज्याला अरबीत नकब म्हणतात. बेदुइन कुटुंबांचा दावा असा की आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे शेती केली आणि राहिलो. इस्रायल सरकारचे म्हणणे असे की ही जमीन ओसाड होती, आणि 1858 च्या ऑटोमन जमीन कायद्यानुसार वस्तीपासून दूरची ओसाड जमीन सरकारची ठरते. अल्-उक्बी कुटुंबाच्या दाव्यात दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी 1945 ची ब्रिटिश छायाचित्रे वाचली आणि निष्कर्ष उलटे काढले. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या विरोधात निकाल दिला. इथली तांत्रिक अडचण साधी आहे. 1:15,000 या प्रमाणाच्या छायाचित्रात पाच मीटर रुंदीचा तंबू कागदावर एक तृतीयांश मिलिमीटर भरतो आणि फिल्मच्या रवाळपणात विरघळून जातो. त्यात बेदुइन तंबू काळ्या केसांचा, ऋतूनुसार हलणारा. दगडी घर मोजण्यासाठी घडवलेल्या नजरेला तो दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते नव्हतेच असे कागदोपत्री ठरते. माझ्या मते ही या साऱ्या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे: कॅमेऱ्याची मर्यादा माणसाच्या हक्काची मर्यादा झाली.

अल्-अराकीब हे त्याच भागातले गाव. 27 जुलै 2010 रोजी ते पहिल्यांदा सपाट केले गेले, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वेळा. लोक परत येतात, पत्रे उभे करतात, ते पुन्हा पाडले जातात. गावकरी आपल्या दफनभूमीच्या आधाराने टिकून राहिले, जी ते 1914 पासूनची सांगतात. फॉरेन्सिक आर्किटेक्चर या लंडनच्या संशोधनगटाने इस्रायलमधल्या झोख्रोत या संस्थेच्या आणि गावकऱ्यांच्या सोबतीने इथे पतंगाला कॅमेरा बांधून छायाचित्रे घेतली. पतंग ड्रोनइतका वर जात नाही आणि स्थिर राहत नाही, वाऱ्याचा कल पाहून दोर सोडावा लागतो. पण त्या उंचीवरून विटांचे तुकडे, पाण्याच्या टाकीचे तोंड, एकेक कबर वेगळी दिसते. मग ती छायाचित्रे 1945 च्या छायाचित्रांवर जुळवून पाहिली गेली. कॅमेऱ्याखाली कोण आहे आणि दोर कोणाच्या हातात आहे, याचे उत्तर इथे एकच होते. ज्याचे घर पाडले गेले तो माणूसच छायाचित्रकार होता आणि पडताळणीचा साक्षीदारही तोच होता.

हेच काम कलावंतांनी वेगळ्या अंगाने केले. सुलेमान मन्सूर यांचे 1973 चे चित्र पॅलेस्टिनी घरांच्या भिंतींवर कॅलेंडरासारखे लागलेले असे: एक म्हातारा हमाल, कपाळावरून घेतलेल्या दोराने पाठीवरचा बोजा सांभाळत उभा आहे, आणि तो बोजा म्हणजे घुमट आणि घरांसह सारे जेरुसलेम शहर, डोळ्याच्या आकाराचे. शहराकडे आपण वरून पाहतो, पण त्याला आधार माणसाच्या पाठीचा आहे, आणि पाहणाऱ्याची नजर शहरावरून घसरून त्या मोठ्या, गाठाळ पायांवर येतेच. मूळ चित्र लिबियाला गेले आणि 1986 च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात नष्ट झाले असे सांगितले जाते. मन्सूर यांनी ते पुढे पुन्हा रंगवले.

पॅलेस्टिनी वंशाच्या कलावंत मोना हातूम यांनी 1996 मध्ये जेरुसलेममधल्या एका छोट्या कलादालनात जे मांडले, ते मी नकाशावरचे सर्वांत नेमके भाष्य मानतो. नाबलूसला ऑलिव्ह तेलापासून जो साबण पिढ्यान्‌पिढ्या बनतो, त्याच्या दोन हजारांहून अधिक वड्या त्यांनी जमिनीवर सलग आयतात लावल्या आणि त्यांत लाल काचमणी दाबून, इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात 1990 च्या दशकात झालेल्या ओस्लो करारातल्या तुकड्यातुकड्यांच्या प्रदेशाच्या सीमा काढल्या. प्रेक्षक कडेला उभा राहून खाली पाहतो, म्हणजे तो आपोआप वैमानिकाच्या जागी येतो. मात्र विमानातून वास येत नाही, आणि इथे दालनात पाऊल टाकताच तेलाचा, न्हाणीघराचा, आईच्या हातांचा वास येतो. हातूम यांनी नंतर सांगितले की एका स्थानिक प्रेक्षकाने विचारले होते, साबण विरघळला की या सीमाही जातील, म्हणून तुम्ही साबणावर काढल्या का.

ओस्लो करारांनी जमीन, कोणाचे किती नियंत्रण यानुसार, अ, ब, क अशी वाटली, पण आकाश वाटले नाही. हवाई क्षेत्रावरचे नियंत्रण इस्रायलकडेच राहिले. नोव्हेंबर 1998 मध्ये गाझाचा विमानतळ उघडला आणि तीन-चार वर्षांत त्याची धावपट्टी उखडली गेली. म्हणूनच पॅलेस्टिनी कलेत उडणाऱ्या वस्तूंना एवढे मोल आहे. एलिया सुलेमान यांच्या 2002 च्या चित्रपटात पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांचा हसरा चेहरा असलेला लाल फुगा तपासणी नाक्यावरून तरंगत जातो. तो पाडायचा की नाही हे सैनिकांना ठरवता येत नाही, आणि फुगा जेरुसलेमच्या घुमटापाशी पोहोचतो. लारिसा सन्सूर यांच्या एका लघुपटात पॅलेस्टिनी अंतराळवीर स्त्री चंद्रावर झेंडा रोवते, तर 2012 च्या दुसऱ्या कामात सारा देश एका उत्तुंग इमारतीत बसवलेला आहे, एकेका शहराला एकेक मजला. जमीन आडवी मिळत नसेल तर ती उभी रचलेली आहे, आणि त्यात जिंकल्याचा आनंद नाही, गुदमरणे आहे.

गाझात आकाशाची ओळख आधी कानांना होते. ड्रोनला तिथले लोक झन्नाना म्हणतात, म्हणजे सतत गुणगुणणारी. दिवसरात्र चालणारा तो आवाज म्हणजे आपण पाहिले जात आहोत याची जाणीव, आणि आपल्याला मात्र पाहणारा दिसत नाही. 28 जुलै 2011 रोजी उत्तर गाझाच्या किनाऱ्यावर शाळकरी मुलांनी एकाच वेळी 12,350 पतंग उडवून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी कवी रिफात अल्-अरईर यांनी आपल्या मृत्यूनंतर पांढऱ्या कापडाचा, लांब शेपटीचा पतंग करायला सांगणारी कविता लिहिली. डिसेंबर 2023 मध्ये ते हवाई हल्ल्यात मारले गेले. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की 2018 मध्ये गाझातून पेटते पतंग सोडून सीमेपलीकडची शेते जाळण्यात आली, आणि 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यात, ज्यात इस्रायलमधली सुमारे 1,200 माणसे मारली गेली, काही हल्लेखोर मोटर लावलेल्या पॅराग्लायडरवरून आले. आकाश मिळाले म्हणजे त्याचा उपयोग निर्मळच होतो, असे मी म्हणणार नाही.

1 डिसेंबर 2023 रोजी इस्रायली लष्कराने गाझाचा सहाशेहून अधिक क्रमांकित तुकड्यांत विभागलेला नकाशा प्रसिद्ध केला आणि लोकांनी आपला क्रमांक पाहून हलावे असे सांगितले. वीज आणि इंटरनेट जिथे तुटले होते, तिथे माणसाने आपल्या गल्लीचे नाव विसरून क्रमांक शोधायचा होता. मला तो नकाशा पाहताना याफाचा जून 1936 आठवला.

उपग्रहांची गोष्टही याच्याशी जोडलेली आहे. 1996 मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने इस्रायल आणि त्याने व्यापलेल्या प्रदेशाची दोन मीटरपेक्षा बारकाईची व्यापारी उपग्रहचित्रे अमेरिकी कंपन्यांना विकता येत नव्हती. 2020 मध्ये ती मर्यादा 40 सेंटिमीटरवर आली. दहा मीटर लांब-रुंद घर पूर्वी 25 चौकटींत बसे, आता 625 चौकटींत बसते. छत कोसळले की नुसते तडकले, हे या फरकाने कळते. म्हणून आज संयुक्त राष्ट्रांचे उपग्रह केंद्र गाझातल्या पडलेल्या इमारती एकेक करून मोजू शकते. सप्टेंबर 2024 च्या त्यांच्या मोजणीत सुमारे दोन तृतीयांश इमारतींना हानी पोहोचलेली आढळली. हे मोल मोठे आहे आणि मी स्वतः या पद्धतीवर विश्वास ठेवतो. तरीही त्या नकाशावर प्रत्येक घर म्हणजे एक रंगीत ठिपका असतो.

त्या ठिपक्याचे घर कसे होते, हे कलावंत तैसीर बत्नीजी यांनी गाझातल्या 2008-09 च्या युद्धानंतर केलेल्या मालिकेत दिसते. ते स्वतः गाझाचे, पण त्या वेळी त्यांना आत जाता आले नाही, म्हणून त्यांनी तिथल्या सहकाऱ्याकडून उद्ध्वस्त घरांची छायाचित्रे मागवली आणि ती घर-विक्रीच्या दलालाच्या काचेत लावतात तशा जाहिराती करून मांडली. वर छायाचित्र: कोसळलेला स्लॅब, बाहेर आलेल्या सळ्या. खाली नीटनेटका मजकूर: पत्ता, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, खोल्या किती, स्वयंपाकघर, बाग, समुद्राचे दृश्य, आणि शेवटी राहणाऱ्यांची संख्या. हगानाच्या गावांच्या फाइलीतही घरे, विहिरी आणि माणसे अशाच क्रमाने लिहिलेली असत. बत्नीजींच्या जाहिरातीपुढे उभा राहिलेला माणूस आधी खोल्या वाचतो, मग माणसे वाचतो, आणि नंतर मान वर करून छायाचित्रात त्या खोल्या शोधू लागतो.